पोतं विकलं, रक्त कुठून आणायचं?



नोकरीत असताना गरोदर बाई तपासायला आली की मी एक ठरलेलं वाक्य म्हणायचे, "पालेभाज्या खा, डाळिंब खा, खजूर खा." हिमोग्लोबिनचा आकडा कार्डावर लिहायचा, लाल गोळ्यांचं पाकीट हातात द्यायचं आणि हे वाक्य म्हणायचं. एकदा शिरूर तालुक्यातल्या एका वस्तीवरची बाई आली. सातवा महिना, हिमोग्लोबिन साडेसहा, डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली तर पांढरी फटक. माझं सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाली, "सिस्टर, डाळिंब काय भावानं हाय आज?"

मला भाव माहीत होता. तिला रोज किती मिळतो तेही माहीत होतं. मग पहिल्यांदाच मी तिला विचारलं, घरी खाता तरी काय? रेशनचा तांदूळ, दोन्ही वेळा भात. कधी गहू निघाला तर चपाती. आणि रानात काय पिकवलं? "गायरानात बाजरी केली व्हती. तीन पोती झाली. दुकानदाराला घातली, त्याची उधारी व्हती."

आपल्या मुलखात रक्त वाढवणारं जे सगळ्यात स्वस्त धान्य, ते तिनं स्वतः पेरलं, खुरपलं, कापलं, मळलं, आणि पोत्यात भरून विकलं. मग दवाखान्यात येऊन लोहाची गोळी घेतली. चूक तिची नव्हती. एवढी वर्षं 'खा-खा' सांगणाऱ्या मला, घरात कोणतं धान्य शिजतं हे विचारावंसं वाटलं नव्हतं, ही चूक माझी. म्हणून यावेळच्या आरोग्य पानावर बाजरी-ज्वारीबद्दल सविस्तर लिहिते आहे. ती खाऊन काय मिळतं, काय मिळत नाही, आणि विकायची असेल तर कशी विकावी.

बाजरी घरात का राहत नाही

बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात, म्हणजे आष्टी, पाटोदा, शिरूर या बाजूला, पाऊस कमी आणि रान मुरमाड. तिथं बाजरी येते. जूनच्या पावसावर पेरलेली बाजरी दसऱ्याच्या आगेमागे हाती लागते, आणि नेमक्या त्याच दिवसांत ऊसतोडीला निघायची वेळ येते. मुकादमाची उचल आधीच खर्च झालेली असते. दुकानाची उधारी फेडल्याशिवाय गावातून पाय निघत नाही. म्हातारी माणसं आणि लहान लेकरं मागं राहणार, त्यांच्या हातात चार पैसे ठेवायचे असतात. म्हणून खळ्यावरूनच पोतं जातं, तेही भाव सगळ्यात पडलेला असताना, कारण सगळ्यांची बाजरी एकदमच बाजारात येते. हेच धान्य उन्हाळ्यात परत घ्यायचं झालं तर जास्त पैसे मोजावे लागतात. ज्यांना जमतं ते एखादं पोतं गाडीत टाकून कारखान्यावर नेतात. पण बऱ्याच कोयत्यांच्या कोपीत मी भातच शिजताना पाहिला आहे. पहाटे तीनला उठून भाकरी थापायची तर बाईला एक तास आधी उठावं लागतं, हेही खरं आहे. पुरुष वाचकांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावं.

दुसरं कारण जुनं आहे. बाजरी म्हणजे हलक्या लोकांचं धान्य, गहू-तांदूळ म्हणजे मोठ्या लोकांचं, हे आपल्या डोक्यात बसलं आहे. त्यामागे आपल्या माणसांचा अपमान आहे. येसकराच्या पाळीला दारोदार फिरून भाकरी मागायची, ती शिळी असली तरी घ्यायची, हे आपल्या आज्या-पणज्यांनी केलं. १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी उष्टं-शिळं घेणं आणि मेलेलं जनावर खाणं सोडायला सांगितलं, ते याच जगण्यातून बाहेर पडण्यासाठी. पुढं १९७२ च्या दुष्काळात अमेरिकेतून आलेली लालसर 'मिलो' ज्वारी आणि कामावरची सुकडी खाऊन लोकांनी दिवस काढले. ज्यांनी ते दिवस काढले त्यांनी 'माझ्या लेकराच्या ताटात पांढरा भात असावा' असं म्हटलं तर त्यांना नावं ठेवायची नाहीत. पण नाकारायची होती ती मागून मिळालेली भाकरी. स्वतःच्या रानातली ताजी भाकरी त्याबरोबर गेली, ते नुकसान झालं.

आता शहरात त्याच धान्याला मान आला आहे. भारताने मांडलेल्या ठरावावरून संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरड धान्यांचं वर्ष जाहीर केलं. त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात त्याला 'श्री अन्न' म्हटलं गेलं. माझ्या आजीच्या टोपल्यात होतं तोवर ते 'भरडं' होतं, मॉलमध्ये गेल्यावर 'श्री' झालं. असो.

आकडे काय सांगतात

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते काढले. त्यातले ठोकळ आकडे देते. १०० ग्रॅम बाजरीत साधारण ११ ग्रॅम प्रथिनं, ११ ग्रॅम तंतू म्हणजे चोथा आणि साडेसहा मिलिग्रॅमच्या आसपास लोह असतं. ज्वारीत प्रथिनं १०, तंतू १० आणि लोह ४. गव्हाच्या पिठात लोह ४ च्या जवळपास. आणि पांढऱ्या तांदळात लोह एक मिलिग्रॅमसुद्धा नाही, तंतू जेमतेम ३ ग्रॅम. नाचणी आपल्याकडे पिकत नाही, ती कोकण, नाशिक, कोल्हापूरकडची. पण तिच्यात कॅल्शियम भरपूर, १०० ग्रॅमला ३६० मिलिग्रॅमच्या वर. बाजरीत ते ३० च्या आतच. म्हणून वाढत्या लेकराला आणि अंगावर पाजणाऱ्या आईला किलोभर नाचणी विकत आणून तिची आंबील किंवा पेज देणं परवडतं.

आता हे ताटात मांडून पाहा. रानात काम करणारी बाई दिवसभरात अडीच-तीन भाकरी खाते, म्हणजे सुमारे पाव किलो पीठ. पाव किलो बाजरीतून साधारण १६ मिलिग्रॅम लोह मिळतं. तेवढ्याच तांदळाच्या भातातून दोनसुद्धा नाही. मोठ्या बाईला रोज २९ मिलिग्रॅम लोह अन्नातून मिळायला हवं, असं पोषण संस्था सांगते. म्हणजे नुसत्या भाकरीने निम्म्याहून जास्त मजल मारली. उरलेली डाळ, मटकी, हुलगा, शेपू-मेथी, सुकट-बोंबील यांनी भरून काढायची.

महाराष्ट्रात हे का महत्त्वाचं आहे? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४ टक्के आणि पाच वर्षांखालच्या लेकरांपैकी सुमारे ६९ टक्के रक्तक्षयी निघाली. आपल्या जिल्ह्याची आणखी एक जखम आहे. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे बीडच्या ८२ हजारांवर ऊसतोड महिलांची पाहणी आली. त्यातल्या १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली होती. त्यामागची कारणं मोठी आहेत आणि ती भाकरीने सुटणारी नाहीत. पण अंगावरून जास्त जाणं, त्यातून रक्त कमी होणं, त्या अशक्तपणात मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणं, हे चक्र तिथं आहेच. आधीच रक्त कमी असलेल्या बाईला प्रत्येक पाळी आणि प्रत्येक बाळंतपण महाग पडतं.

खाल्लेलं सगळं अंगी लागत नाही

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, नाहीतर मीही त्या जाहिरातवाल्यांसारखी होईन. बाजरीत असलेलं लोह सगळंच्या सगळं रक्तात जात नाही. दाण्याच्या टरफलाजवळ फायटेट नावाचा घटक असतो, तो लोहाला धरून ठेवतो. त्यामुळे धान्यातल्या लोहाचा थोडाच भाग शरीर घेतं. हा भाग वाढवणं मात्र आपल्या हातात आहे.

भाकरीबरोबर आंबट किंवा कच्चं काहीतरी हवं. ठेच्यावर लिंबू पिळा, भाजीवर कच्ची कोथिंबीर टाका, पेरू खा, आवळा मिळाला तर फारच चांगलं. त्यातल्या सी जीवनसत्त्वाने लोह सुटं होतं. चहाचं उलटं आहे, तो लोहाला अडवतो. आपल्याकडे भाकरी चहात बुडवून खायची सवय आहे, आणि फडात तर जेवणावर लगेच कोरा चहा असतोच. चहा सोडा असं मी म्हणणार नाही, कारण तुम्ही ऐकणार नाही. जेवणाच्या आधी एक तास आणि नंतर एक तास तेवढा टाळा. लाल गोळीसुद्धा चहाबरोबर घेऊ नका, लिंबूपाण्याबरोबर घ्या.

मोड आणणं आणि आंबवणं यानेही फायटेट कमी होतं. लहान लेकरासाठी बाजरी रात्रभर भिजवा, फडक्यात बांधून मोड आणा, सावलीत खडखडीत वाळवा, मंद भाजा आणि दळा. सहा महिने पूर्ण झालेल्या बाळाला या पिठाची पेज चालते. त्यात शिजवलेल्या मुगाच्या डाळीचं पाणी नको, डाळच घाला. नुसत्या बाजरीत एक प्रथिन अपुरं असतं, ते डाळीने भरून निघतं. आपल्या म्हाताऱ्या बाजरीच्या खिचड्यात मूठभर मूग टाकत, त्यात शास्त्रच होतं.

मांस-मासळीचाही उपयोग आहे. थोडं मटण, कोंबडी किंवा सुकट भाकरीबरोबर असेल तर भाकरीतलं लोहसुद्धा जास्त घेतलं जातं. काळजात लोह भरपूर असतं, मात्र गरोदर बाईने ते रोज खाऊ नये. आपल्या वस्त्यांना स्वस्तात मिळणारं मोठ्याचं मांस २०१५ च्या कायद्याने बरंचसं गेलं. १९७६ च्या कायद्यात गायीलाच बंदी होती, २०१५ मध्ये बैल आणि वळूही त्यात आले. ताटातून काय काढून घेतलं गेलं याचा हिशोब पोषणाच्या भाषणांत कुणी मांडत नाही, म्हणून इथं नोंदवून ठेवते.

काही गैरसमजही दूर करायला हवेत. 'बाजरी उष्ण, गरोदरपणी नको' असं सांगून सुनेच्या ताटातून भाकरी काढून घेणाऱ्या सासूबाई मी पुष्कळ पाहिल्या. गंमत म्हणजे त्याच सासूबाई बाळंतिणीला दूध यावं म्हणून मुद्दाम बाजरीच देतात. गरोदर बाईला बाजरी चालते. साखरेच्या आजारात ज्वारी-बाजरी भातापेक्षा बरी, चोथ्यामुळे साखर हळू चढते. पण 'भाकरी खाल्ली की शुगर बरी होते' हे खोटं आहे. चार भाकरी खाल्ल्या तर साखर चढणारच, आणि औषध बंद करायचं नाही. ज्यांना थायरॉईडचा त्रास आहे त्यांनी बारा महिने तिन्ही त्रिकाळ फक्त बाजरी न खाता ज्वारी-गहू आलटून पालटून खावं. आणि बी-१२ हे जीवनसत्त्व कोणत्याच धान्यात नसतं, त्यासाठी दूध, अंडी, मांस-मासळीच लागते. हिमोग्लोबिन १० च्या खाली असेल तर भाकरीच्या भरवशावर बसू नका. गोळ्या, आणि सातच्या खाली असेल तर ताबडतोब दवाखाना. भाकरी गोळीच्या जागी चालत नाही. गोळ्या संपल्यावर पुन्हा रक्त उतरू नये म्हणून ती लागते.

एक इशारा. पावसात सापडलेल्या बाजरीच्या कणसावर अरगट रोग पडतो. त्यातले काळपट, लांबट दाणे पोटात गेले तर उलट्या, चक्कर, गुंगी येते. शंका असेल तर बाजरी मिठाच्या दाट पाण्यात टाका, तरंगणारे दाणे काढून फेका, राहिलेली दोन-तीनदा साध्या पाण्याने धुऊन वाळवा.

बियाणं निवडताना

सगळ्या बाजरीत लोह सारखं नसतं. वर दिलेले आकडे सरासरीचे आहेत. बाजारात चालणाऱ्या बऱ्याच वाणांत किलोला ४५ ते ५० मिलिग्रॅमच लोह भरतं. हैदराबादजवळच्या पाटणचेरूची इक्रिसॅट संस्था आणि राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ यांच्या कामातून 'धनशक्ती' हा वाण २०१२ मध्ये महाराष्ट्रासाठी आला, पुढं २०१४ मध्ये सगळ्या देशासाठी. त्यात किलोला ७१ मिलिग्रॅमच्या आसपास लोह आहे. आपल्या परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या औरंगाबाद केंद्राने त्यानंतर एएचबी १२०० आणि एएचबी १२६९ हे संकरित वाण काढले. पहिल्यात किलोला ७३, दुसऱ्यात ९१ मिलिग्रॅम. म्हणजे साध्या वाणाच्या जवळपास दुप्पट, तीच भाकरी, तीच चव.

याचा माणसांवर उपयोग होतो का, हे महाराष्ट्रातच तपासलं गेलं. १२ ते १६ वर्षांच्या शाळकरी मुलामुलींना सहा महिने रोज भाकरी दिली, काहींना साध्या बाजरीची, काहींना जास्त लोहाच्या बाजरीची. हा अभ्यास २०१५ मध्ये छापून आला. ज्यांच्या शरीरात सुरुवातीला लोह कमी होतं, त्यांची कमतरता भरून निघण्याचं प्रमाण जास्त लोहाच्या बाजरीवर दीडपटीहून अधिक होतं. गोळी नाही, इंजेक्शन नाही, नुसती भाकरी.

धनशक्ती संकरित नाही, सुधारित वाण आहे. त्यामुळे तिचं बी घरी धरता येतं, आणि हातात पैसा नसलेल्या माणसाला याचं मोल कळेल. मात्र बाजरीचं परागीभवन वाऱ्यावर होतं. शेजारी दुसरी बाजरी असेल तर बांधाकडची कणसं बियाण्याला घेऊ नका, रानाच्या मधली घ्या, आणि दोन-तीन वर्षांनी नवं बी आणा. एएचबीचं बी दरवर्षी विकत घ्यावं लागतं. बियाण्याची चौकशी पेरणीच्या दोन महिने आधी करा. अंबाजोगाईजवळ डिघोळअंबा आणि गेवराई तालुक्यात खामगाव इथं कृषी विज्ञान केंद्रं आहेत. तिथं आपली माणसं फारशी जात नाहीत. जायला हवं.

विकायचीच असेल तर

आधी वर्षाची भाकरी बाजूला काढा. पाच माणसांच्या घराला, एक वेळ भाकरी धरली तरी, वर्षाला तीन-साडेतीन क्विंटल लागते. त्यावर जे उरेल ते विकायचं. हे मी सांगते ते सोपं नाही, उधारीवाला दारात उभा असतो हे माहीत आहे. म्हणूनच एकट्या घराने ते होत नाही.

२०२४-२५ च्या हंगामात सरकारने बाजरीचा हमीभाव क्विंटलला २,६२५ रुपये धरला होता, मालदांडी ज्वारीचा ३,४२१. पण खरेदी केंद्रावर सातबारा आणि पीकपेऱ्याची नोंद मागतात. गायरान कसणाऱ्याकडे सातबारा कुठला? १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीनांची शेतीसाठीची अतिक्रमणं नियमित करण्याचा शासन निर्णय १९९१ मध्येच निघाला. दादासाहेब गायकवाडांच्या १९६४ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहाचा वारसा आपण सांगतो, आणि तीस वर्षं झाली तरी कित्येक घरांच्या नावावर ते रान लागलेलं नाही. सातबारा नाही म्हणून हमीभाव नाही, पीक विमा नाही, बँकेचं कर्ज नाही. जमिनीचा प्रश्न आरोग्याच्या पानावर कशाला, असं कुणी म्हणेल. रक्त तिथूनच कमी होतं, म्हणून.

नुसतं धान्य विकून फार काही हाती लागत नाही. पीठ करून विकावं तर बाजरीची अडचण अशी की तिच्यात तेलाचा अंश जास्त, त्यामुळे पीठ आठ-दहा दिवसांत कडू होतं. आमच्या बचत गटाने पहिल्या वर्षी हीच चूक केली. उत्साहाने ४० किलो दळून ठेवलं, निम्मं परत आलं आणि म्हशीला घालावं लागलं. आता मागणी आल्यावरच दळतो. बाजरी उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट बुडवून लगेच वाळवली आणि मग दळली तर पीठ आणखी काही आठवडे टिकतं.

याहून चांगली वाट सोलापूरच्या बायकांनी दाखवली आहे. तिथली कडक भाकरी पुण्या-मुंबईपर्यंत जाते. पातळ थापायची, मंद आचेवर पूर्ण वाळेपर्यंत भाजायची, हवा लागू न देता बांधायची. ती कित्येक आठवडे टिकते. हिशोब असा मांडा. एक क्विंटल बाजरीतून १०० ग्रॅमची एक अशा साधारण ९५० भाकरी होतात. तुटलेल्या-करपलेल्या वगळून ९००, एक १० रुपयांना गेली तर ९,००० रुपये. दळण, जळण, पिशव्या, गाडीभाडं ३,००० धरा, बाजरीची किंमत २,५००. उरले ३,५००. पाच-सहा दिवसांची मजुरी त्यात आहे, म्हणजे दिवसाला सहाशे रुपयांच्या आसपास, सावलीत बसून. भाव जागेप्रमाणे बदलेल, आकडे तुम्ही तुमचे घाला, पण जळण आणि स्वतःची मजुरी हिशोबात धरायला विसरू नका. बहुतेक गट तिथंच फसतात. धुराची खोली असेल तर गॅस घ्या, नाहीतर कमावलेलं दम्याच्या औषधात जाईल.

आता जे कुणी प्रशिक्षणात सांगत नाही ते. गावात आपल्या हातचं धान्य विकलं जातं, शिजवलेली भाकरी नाही. आमच्या गटाला तालुक्याच्या रस्त्यावरच्या एका खानावळीची रोज ६० भाकरींची मागणी होती. दीड महिना छान चाललं. मग मालकाने कुठल्या वस्तीवरून येतात याची चौकशी केली आणि दुसऱ्या दिवसापासून 'नको' सांगितलं. कारण विचारलं तर "गिऱ्हाईक कमी झालंय" म्हणाला. गिऱ्हाईक कमी झालं नव्हतं. दोन बायका त्या दिवशी रडल्या आणि एकजण म्हणाली, पुन्हा खुरपायलाच जाऊ. आम्ही गेलो नाही. आता माल शहरात जातो. अर्धा आपल्याच समाजातल्या नोकरदारांच्या वसाहतींत, अर्धा अनोळखी दुकानांत. पाकिटावर गटाचं नाव आणि गावाचं नाव ठळक छापतो. लपवायचं नाही, असं बैठकीत ठरलं. शहरातल्या वाचकांना माझी विनंती आहे, महागडं 'मिलेट बिस्कीट' घेण्याआधी पाकीट उलटून पाहा. घटकांत जे नाव पहिलं ते सगळ्यात जास्त असतं. बऱ्याचदा पहिला मैदा असतो, मग साखर, मग पामतेल, आणि बाजरी शेवटाकडे चिमूटभर. त्या पैशांत गटाची कडक भाकरी येते.

गट करणार असाल तर दोन कागद लक्षात ठेवा. वर्षाला १२ लाखांच्या आत उलाढाल असेल तर अन्नसुरक्षेची साधी नोंदणी पुरते, फी वर्षाला १०० रुपये. आणि सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगासाठी २०२० पासून प्रधानमंत्र्यांच्या नावाची जी योजना आहे तिच्यात यंत्रांना ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख अनुदान, आणि बचत गटाच्या सदस्याला ४० हजारांपर्यंत बीजभांडवल ठेवलेलं आहे. अर्ज सध्या घेतात का ते तालुका कृषी अधिकाऱ्याकडे विचारा. एकटीने जाऊ नका, चौघी जा.

धान्याची पेढी

सोलापूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या रस्त्यावर जहीराबाद लागतं. तिथं डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या महिला संघमांनी १९८३ पासून काम उभं केलं. बहुतेक सगळ्या दलित, कोरडवाहू तुकड्यावर जगणाऱ्या बायका. नव्वदच्या दशकात त्यांनी पडीक रानं कर्ज घेऊन वहितीखाली आणली, कर्ज पैशांत न फेडता ज्वारीत फेडलं, ती ज्वारी गावातच साठवली आणि टंचाईच्या महिन्यांत सगळ्यात गरीब घरांना स्वस्तात दिली. रेशनमध्ये तांदूळच येतो ना, मग आम्ही आमचं रेशन करतो, असा तो विचार. २०१९ मध्ये त्यांना संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचं इक्वेटर पारितोषिक मिळालं.

रेशनमध्ये भरड धान्य मागण्याचा हक्क आपल्यालाही आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात तांदूळ ३, गहू २ आणि भरड धान्य १ रुपया किलो असं स्पष्ट लिहिलेलं आहे. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे. ग्रामसभेत ठराव घाला, 'आम्हाला तांदळातला काही वाटा ज्वारी-बाजरीत द्या.' आणि तोडीला जाताना रेशनकार्डाचा नंबर सोबत ठेवा, कारखान्याच्या गावातही धान्य उचलता येतं.

आमच्या वस्तीत मागच्या सुगीला छोटी सुरुवात केली. विहाराच्या मागच्या खोलीत दोन पत्र्याच्या कोठ्या ठेवल्या. ज्या घराला उधारीपायी पोतं विकावं लागणार होतं त्याची एक-दोन मणाची उधारी गटाच्या बचतीतून दिली आणि तेवढी बाजरी कोठीत ठेवली, त्यांच्याच नावाने. उन्हाळ्यात तोडीहून आल्यावर त्यांनी ती त्याच भावाने परत नेली, वर एक पायली कोठीला. पहिल्या वर्षी नऊ घरं होती. दोघांनी पैसे अजून दिलेले नाहीत, एका कोठीत पोरकिडे झाले, कारण बाजरी नीट वाळवली नव्हती. यंदा चार दिवस कडक ऊन दिलं आणि कडुनिंबाचा वाळलेला पाला घातला. घरं चौदा झाली आहेत.

ती साडेसहा हिमोग्लोबिनवाली बाई सध्या या कोठीची किल्ली सांभाळते. बाळंतपणात तिला दोन बाटल्या रक्त द्यावं लागलं होतं. मागच्या पौर्णिमेला विहारात सगळ्यांची तपासणी केली, तेव्हा तिचं १०.८ भरलं. अजून १२ व्हायचंय, म्हणून लाल गोळी चालू आहे. पुढची तपासणी तीन महिन्यांनी आहे. तुमच्या वस्तीत करायची असेल तर आशाताईंना किंवा उपकेंद्रातल्या नर्सबाईंना आठवडाभर आधी सांगा, त्या येतात. येताना प्रत्येकीने घरातल्या धान्याची मूठभर पुडी आणायची, म्हणजे आकड्याबरोबर ताटही तपासता येतं.